निजामकाळातला लायका? आधी लेन्स काढून बघा

मराठवाड्यात जुना कॅमेरा विकायला निघाला की त्याला हमखास "निजामाच्या काळातला" असं बिरुद चिकटतं. निजामाची सत्ता 1948 लाच संपली. जर्मन कंपनी लायकाचा एम3 कॅमेरा आला 1954 मध्ये, जपानी यॅशिका इलेक्ट्रो 35 तर 1966 मध्ये. आणि वय खरं असलं तरी संग्राहक पैसे मोजतो ते अस्सलपणाला आणि अवस्थेला. 2022 मध्ये एक लायका 1 कोटी 44 लाख युरोला गेला खरा, पण तो 0-सिरीजचा, म्हणजे विक्रीआधीच्या चाचणी-कॅमेऱ्यांपैकी, आणि खुद्द लायकाचे जनक ओस्कार बार्नाक यांचा होता.

सगळ्यात मोठी फसगत स्क्रू-माउंट, म्हणजे लेन्स आट्यांवर फिरवून बसवायच्या जुन्या लायकात होते. फेड आणि झोर्की या लायकाच्या सोव्हिएत नकला. त्यांवरचं नाव खरवडून 'लायका' कोरायचं, सोनेरी मुलामा द्यायचा, वर जर्मन हवाई दलाचं चिन्ह ठोकायचं, हा धंदा जुना आहे. लेन्स फिरवून काढा आणि माउंटच्या आत वरच्या बाजूला बघा. लायकात रेंजफाइंडरच्या (अंतर जुळवून फोकस करणाऱ्या यंत्रणेच्या) दांडीच्या टोकाला गोल चाक असतं, सुरुवातीच्या फेड-झोर्कीत पाचरीसारखा चपटा तुकडा. लेन्सवर 'एल्मार' हे लायकाच्या लेन्सचं नाव लिहिलंय? एल्मारमध्ये प्रकाशाचं छिद्र लहान-मोठं करणाऱ्या अ‍ॅपर्चरच्या पात्या पहिल्या भिंगाच्या लगेच मागे असतात, नकलेत दुसऱ्याच्या मागे. सोनेरी लायका दिसला की मी तरी आधी तो फेडच समजतो.

मग शटरचा पडदा. या कॅमेऱ्यांत आरसा नसल्याने झाकण न लावता कॅमेरा उन्हात राहिला, तर लेन्स सूर्य थेट कापडी पडद्यावर एकवटते आणि बारीक भोक पडतं. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन त्याला पुरेसं आहे. एम3 ची लेन्स काढा, मागचं झाकण उघडा, अंधारात समोरून टॉर्च मारा. शटर चढवून एकदा आणि सोडून एकदा, म्हणजे दोन्ही पडदे तपासले जातात. स्क्रू-माउंटचं मागचं झाकण उघडत नाही, तिथे फोटो काढून बघण्यात एक रोल खर्ची घालावा.

घरोघरी सापडतो तो मात्र यॅशिका इलेक्ट्रो. त्याच्या आतली छोटी रबरी गादी कुजते आणि एक्स्पोजर बिघडतं. फोटो काढून लिव्हर ओढताना "खट्" असा आवाज आला तर गादी शाबूत. मूळची 5.6 व्होल्टची पारा बॅटरी आता मिळत नाही. 6 व्होल्टची 4एलआर44 भोवती पुठ्ठ्याची नळी आणि टोकाला स्प्रिंग लावून चालते. बॅटरीविना शटर उडतं, पण नुसतं 1/500 वर, त्यामुळे "चालू आहे" एवढ्यावर पैसे देऊ नका.

बुरशी बघायची तर शटर 'बी'वर (बटण दाबून ठेवू तोवर उघडं राहतं) उघडं धरून मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर किंमत निम्मी सांगा. बुरशी बहुतेकदा चामड्याच्या केसमुळे लागते. केस वेगळी ठेवा, कॅमेरा सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात. आणि विकण्याआधी पितळ पितांबरीने चमकवू नका, रंगही देऊ नका. मूळ काळा रंग झिजून पितळ डोकावत असलं तरी संग्राहकाला तोच हवा असतो.