आजीच्या हाताला जमेल असं बीपीचं मशीन

घरात आलेलं बीपीचं मशीन वापरात राहणार की कपाटात जाणार, हे दोन गोष्टींवर ठरतं. आजीला पट्टा एकटीने बांधता येतो का, आणि आलेल्या आकड्याचं पुढे काही होतं का. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये तंत्रज्ञानाच्या स्वीकाराबद्दल हेच मांडलं होतं: वस्तू उपयोगी वाटली पाहिजे आणि सोपीही.

पट्ट्यावर सर्वांत जास्त मेहनत घ्यायला हवी, आणि तिथेच ती कमी घेतली जाते. खोक्यातला पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंमी घेराच्या दंडासाठी असतो. दंड जाड असेल तर तो अपुरा पडतो आणि बीपी उगाच चढलेलं दिसतं. म्हणून खांदा आणि कोपर यांच्या मधोमध टेपने घेर मोजून मगच पट्टा घ्यावा. लोखंडी कडीतून आधीच ओवलेला पट्टा बाहीसारखा हातात चढतो, टोक ओढलं की झालं. पण हे टोक कडीतून निसटलं तर एका हाताने पुन्हा ओवता येत नाही. टोकाला जाड शिवण घालून ते अडवायला हवं. ब्लाऊजची घट्ट बाही वर गुंडाळून त्याखाली पट्टा बांधला तर बाहीच दंड आवळते. तेव्हा बाहीतून हात काढलेला बरा.

व्हरांड्यातल्या खुर्चीत हात लोंबकळत ठेवून मोजलं, तर हृदयाच्या पातळीपासून दर १० सेंमी खाली साधारण ७-८ अंकांची भर पडते. हात टेबलावर, गरज पडली तर खाली उशी, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प.

पडद्यावर ‘ई-२’ लिहून कुणाला काय कळणार? ‘पट्टा सैल आहे’ असं सरळ मराठीत लिहावं. पट्ट्याला इंग्रजीत ‘कफ’ म्हणतात, पण ‘कफ सैल’ मात्र नको, आपल्याकडे कफ छातीतला.

मशीन मोबाईलशिवाय चाललं पाहिजे. ओटीपी मुलाच्या फोनवर जातो आणि मुलगा जहाजावर, असं गोव्यात कितीतरी घरांत असतं. पावसाळ्यात दमट हवेने सेलच्या पट्ट्या गंजतात, झाकण घट्ट बसायला हवं.

आता आकड्याचं. सात दिवस, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन, मिनिटाच्या अंतराने. पहिला दिवस सोडून उरतात २४ नोंदी. त्यांची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. गोव्यातल्या वाळपई किंवा साखळी गावच्या सरकारी दवाखान्यात रांग मागे उभी असताना डॉक्टर मशीनची मेमरी चाळत बसणार नाहीत. खोक्यातच छापील कार्ड द्यावं, मोठ्या चौकोनांचं.

प्रत्येक १४२ ला लाल दिवा लावू नका. माणूस घाबरून पुन्हा पुन्हा मोजतो आणि आकडा चढतच जातो. कार्डाच्या पाठीवर एवढंच ठळक छापा: १८०/१२० च्या वर गेलं तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा, तेवढंच राहिलं तर डॉक्टरांना लगेच कळवा. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा बोलणं अडखळत असेल तर वाट न बघता १०८.