ई-रीडरवर मराठी पुस्तकं नीट बसवताना

ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, हातात आल्यावर इंग्रजी पुस्तक लगेच वाचता येतं. माझ्याकडे वर्षानुवर्षं साठवलेला ऐवज मात्र बहुतेक मराठी होता, आणि तोही पीडीएफमध्ये. खरं काम तिथून सुरू झालं.

पीडीएफमध्ये पानाची मांडणी गोठलेली असते. ए-फोर आकाराचं पान सहा इंची पडद्यावर आलं की अक्षरं मुंगीएवढी दिसतात. मोठी करावीत तर ओळ पडद्याबाहेर जाते आणि दर ओळीला पान सरकवत बसावं लागतं. यंत्र आडवं धरून अर्धं अर्धं पान वाचणं हा त्यातल्या त्यात बरा उपाय, पण एखाद्या लेखापुरता. अख्खी कादंबरी अशी वाचवत नाही.

कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर इथे कामाला आलं. पीडीएफ आत टाकायची, ईपब (पडद्याच्या मापाप्रमाणे मजकूर मांडून घेणारी ई-पुस्तकाची फाइल) बाहेर काढायची, इतकं सोपं वाटतं खरं. पण पीडीएफमधला मराठी मजकूर बाहेर येताना वेलांट्या जागा सोडतात: ‘किती’चं ‘िकती’ होतं, जोडाक्षरं फुटतात. फाइल युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठीच्या सामाईक संगणकीय अक्षरसंकेताच्या) आधीच्या फॉन्टात टाइप केलेली असेल तर विचारूच नका, सगळीकडे रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला. अशा फायली आणि स्कॅन केलेली जुनी पुस्तकं यांना वेगळी वाट काढावी लागली. जी मनापासून हवी होती ती गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडली. तिथे चित्रातला मराठी मजकूरही ओळखला जातो. ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’ असले घोटाळे मात्र डोळ्यांत तेल घालून दुरुस्त करावे लागतात. बाकीच्यांसाठी के-टू-पीडीएफ-ऑप्ट हे दुसरं सॉफ्टवेअर वापरलं. ते अक्षर ओळखायच्या फंदातच पडत नाही. पानाच्या चित्रातले शब्द कापून छोट्या पडद्याच्या रुंदीत पुन्हा रचतं. दिसायला जरा ओबडधोबड, पण वाचता येतं.

राहता राहिला फॉन्ट. यंत्राला केबल लावून ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये मराठी वळणाचा ल आणि श असलेला देवनागरी फॉन्ट टाकला, ओळींतलं अंतर एक पायरी वाढवलं. देवनागरीत वर रफार, खाली उकार. इंग्रजीला पुरणारं अंतर आपल्याला पुरत नाही. शिवाय ईपबच्या माहितीत भाषा ‘मराठी’ नोंदवून ठेवली.

आता सुखाची बाजू. या पडद्यात काळे-पांढरे भारित कण असतात आणि वीज लागते ती फक्त ते हलवताना. पान स्थिर असताना नाही. म्हणून वाय-फाय बंद ठेवलं तर चार्जर आठवडे-आठवडे आठवत नाही. भर उन्हात मजकूर उलट जास्त स्वच्छ दिसतो. पान उलटताना पडदा कधीकधी क्षणभर काळा होतो, तो मागच्या पानाचे अवशेष पुसण्यासाठी. सुरुवातीला खटकतं, मग लक्षातही येत नाही. पण सगळ्यात मोठी चैन म्हणजे आठशे पानी ग्रंथ कुशीवर पडून एका हाताने वाचणं. मनगटाला विचारा.

विकतच्या ई-पुस्तकांबाबत मी जरा सावध आहे. तिथे बहुधा आपण वाचनाचा परवाना घेतो, पुस्तक नव्हे. 2009 साली अॅमेझॉनने हक्कांच्या वादामुळे ऑर्वेलची ‘1984’ ग्राहकांच्या किंडल ई-रीडरवरून परस्पर पुसली होती आणि नंतर माफीही मागितली. त्यामुळे कॉपीबंदीचं कुलूप नसलेली ईपब मिळत असेल तर मी तीच घेतो आणि एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या डिस्कवर ठेवतो.

नकाशे, तक्ते, रंगीत चित्रं असलेली पुस्तकं मात्र अजून कागदावरच घेतो. तीच गोष्ट शेवटी टिपा असलेल्या जाडजूड ग्रंथांची: दोन बोटं दोन पानांत घालून वाचायची सवय या यंत्रावर चालत नाही.