टपालानं पाठवलेला अर्धांगवायू

उभी नोकरी पोस्टात गेली. त्यामुळे कुठलंही जुनं पत्र दिसलं की माझी नजर आधी घडीकडे जाते, मग शिक्क्याकडे, आणि मजकूर सगळ्यात शेवटी. हल्ली रात्रीची झोप तुटली की टॅबवर विल्यम कलन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरची पत्रं बघत बसतो. जन्म 1710, मृत्यू 1790, एडिंबरा विद्यापीठात प्राध्यापक. त्याची आणि त्याच्या रुग्णांची मिळून पाच हजारांहून जास्त पत्रं तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं जपून ठेवली आणि ग्लासगो विद्यापीठानं ती फोटोंसकट इंटरनेटवर टाकली. कुणीही बघावीत, फुकट. यातल्या कितीतरी रुग्णांचं तोंडही कलननं कधी पाहिलं नव्हतं. दुखणं पत्रातून यायचं आणि औषधयोजना पत्रातूनच जायची.

पाठवलेल्या उत्तराची नक्कल तो ठेवायचा. आधी कारकुनाच्या हातची. पण 1780 साली जेम्स वॅटनं, वाफेच्या इंजिनवाल्या त्याच वॅटनं, पत्रांची नक्कल काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि पुढच्याच वर्षापासून कलननं ते वापरात आणलं. ताज्या शाईवर ओलसर पातळ कागद ठेवून दाबायचा. अक्षरं उलटी उमटतात, पण कागद इतका पातळ की मागच्या बाजूनं सुलटी वाचता येतात. कार्बन पेपरनं बोटं काळी करून घेतलेल्या माणसाला यातली गंमत वेगळी सांगायला नको.

टपालहशील त्या काळी अंतरावर आणि कागदाच्या संख्येवर ठरायचं आणि बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल व्हायचं. आमच्या भाषेत सगळाच बैरंग कारभार. पाकीट वापरलं तर तो आणखी एक कागद धरला जायचा, म्हणून पत्रच घडी घालून लाखेनं बंद करत. म्हणजे आजार सांगायचा तो मोजक्या जागेत. तरी लोक पसरायचेच. मी काउंटरवर असताना खेड्यातली माणसं माझ्याकडून पत्र लिहून घ्यायची, तेव्हाचा अनुभव आहे: ‘बाबांच्या अंगावरून वारं गेलं’ एवढं सांगायला आलेला माणूस आधी शेत, मग भाऊबंदकी, मग बाबांचं जेवण सांगतो आणि वारं गेल्याचं आंतरदेशीयाच्या शेवटच्या घडीवर, डिंकाजवळ येतं.

स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तिसो या डॉक्टरानं यावर उपाय काढला होता. 1761 साली त्यानं सामान्य लोकांसाठी आरोग्यावर एक पुस्तक लिहिलं, त्यात रुग्णानं डॉक्टरला काय काय सांगता आलं पाहिजे याची प्रश्नावलीच दिली. ते पुस्तक युरोपभर खपलं आणि तिसोकडे पत्रांचा ओघ लागला. हजाराहून जास्त आजही लोझानमध्ये आहेत. त्यातलं एक 1 एप्रिल 1787 चं, कॉर्सिकातून आलेलं. सतरा वर्षांचा एक तोफखान्यातला अधिकारी आपल्या चुलत आजोबांच्या गाउटबद्दल विचारतो आहे. गुडघे सुजलेत, हालचाल बंद झाली आहे, काय करावं? तिसोनं त्यावर शेरा मारला: उत्तर दिलं नाही, पत्र फारसं रंजक नाही. पत्र लिहिणारा नेपोलियन बोनापार्ट. आमच्या खात्यात असा शेरा मारायची सोय असती तर किती बरं झालं असतं, असं पुष्कळदा वाटलेलं आहे.

पण अर्धांगवायूची गोष्ट बाकी आजारांसारखी नाही. ज्याला झालाय त्याला पुष्कळदा बोलता येत नाही, नाहीतर लिहायचा हातच गेलेला असतो. मग पत्र लिहिणार कोण? नवरा, मुलगा, पाद्री, नाहीतर गावातला औषधं देणारा सर्जन. ज्याच्या अंगात ते घडलं तो पत्रात ‘ते’ किंवा ‘ती’ होऊन बसतो. डॉक्टर त्याच्याबद्दल वाचतो, त्याचं काहीच ऐकत नाही.

याला एक जबरदस्त अपवाद आहे. सॅम्युअल जॉन्सन, इंग्रजी शब्दकोशवाला. वय 73. 16 जून 1783 ला तो चित्रकारासमोर बसून आला, चांगला चालला, संध्याकाळी हलकं वाटत होतं. रात्री झोपेतून उठून बसला तेव्हा डोक्यात अर्धा मिनिट काहीतरी गोंधळ झाला. देवाची प्रार्थना केली, की शरीराचं काय करायचं ते कर, बुद्धी तेवढी ठेव. ती प्रार्थना त्यानं लॅटिन पद्यात रचली, मुद्दाम, डोकं ठिकाणावर आहे का ते तपासायला. ओळी काही चांगल्या जमल्या नाहीत. पण जमल्या नाहीत हे आपल्याला कळतंय, म्हणजे बुद्धी शाबूत आहे, असा निष्कर्ष त्यानं काढला. मग लक्षात आलं की वाचा गेली आहे. जीभ सुटेल म्हणून वाइन घेतली, उपयोग झाला नाही. पुन्हा झोपला! सकाळी उठल्यावर शेजारच्या ॲलनला चिठ्ठी लिहिली, हात भलतीच अक्षरं काढत होता तरी लिहिली. टेलर नावाच्या मित्राला लिहिलं, डॉ. हेबर्डनला घेऊन ये. दोन दिवसांनी बाथ या गरम झऱ्यांच्या गावी असलेल्या हेस्टर थ्रेल या मैत्रीणबाईंना सगळा वृत्तान्त लिहिला, त्यातूनच आपल्याला हे कळतं. डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर आणि कानापासून गळ्यापर्यंत दोन्ही बाजूंना फोड आणणारे लेप लावले. हळूहळू वाचा परत आली. लेपांमुळे आली असं मला वाटत नाही.

पुढच्या वर्षी त्याला दमा आणि अंगावर सूज असं दुखणं झालं, तेव्हा त्याचा मित्र आणि पुढे चरित्रकार झालेल्या बॉसवेलनं एडिंबराच्या डॉक्टरांना पत्रं टाकून सल्ला मागितला. त्यात आपला कलनही होता. उत्तर सगळ्यांनी दिलं. डिसेंबर 1784 मध्ये जॉन्सन गेला.

जॉन्सनवर एवढं लिहिलं कारण आमच्या घरीही तसंच झालं. ही रात्री जेवून, भांडी आवरून, दहाच्या बातम्या बघून झोपली. पहाटे दूध तापवायला उठली आणि उजवा हात तिचं ऐकेना. ‘अहो’ म्हणायला गेली ते ‘हो हो’ असं निघालं. पुण्याच्या भाच्याला फोन लावला, तो मेंदूविकारतज्ज्ञ. मी त्याला हात, तोंड, बीपीची गोळी, सगळं सांगू लागलो. त्यानं थांबवलं. ‘मामा, मामी शेवटची ठणठणीत कधी दिसली?’ मी म्हटलं, रात्री दहा. तो क्षणभर काही बोलला नाही. मग म्हणाला, लगेच साताऱ्याला न्या, आधी सीटी स्कॅन.

त्या गप्प राहण्याचा अर्थ नंतर कळला. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि घड्याळ चालू होतं ते माणूस शेवटचा धड दिसला तेव्हापासून, लक्षात आलं तेव्हापासून नाही. झोपेत झालं की ते तास आपल्या नकळत खर्च होतात. इंजेक्शन मिळालं नाही. गोळ्या, देखरेख आणि पुढे व्यायाम.

त्यामुळे कलनची पत्रं वाचताना तारखा बघायची माझी सवय आता जरा टोचते. 1786 साली लंडन ते एडिंबरा टपालगाडी सुरू झाली, ती साठ तासांत पोचायची आणि त्याचं लोकांना केवढं अप्रूप होतं. एक पत्र जायला, डॉक्टरला वेळ मिळायला, उत्तर यायला किती दिवस लागत असतील ते कुणीही सॉर्टर सांगेल. पण तेव्हा उशिरानं बिघडायचं असं काही नव्हतं, कारण पहिल्या तासातही हातात काही नव्हतं. जळवा, रेचकं, मोहरीचा लेप, ब्रशनं अंग घासणं, बाथचं गरम पाणी, विजेचे झटके. हे सगळं पंधरा दिवसांनी केलं काय आणि तेव्हाच केलं काय. कलन निदान सावध होता. झटका मेंदूतून आलेला असेल तर उत्तेजक उपाय जपून करा, वीज वापरायची तर हलकी आणि डोक्यापासून लांब, असं त्याचं मत होतं. वाचून मला तो माणूस आवडला.

सल्ला द्यायला मात्र डॉक्टर असावं लागत नाही. पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला वॉल्टर स्कॉट दीड वर्षाचा असताना तापानंतर त्याचा उजवा पाय लुळा पडला. त्याचे आजोबा डॉ. रदरफर्ड यांनी एडिंबरा सोडून खेड्यातल्या मोकळ्या हवेत ठेवायला सांगितलं, ते ठीकच. पण तिथे कुणीतरी सुचवलं की घरात मेंढरू कापलं की त्याच्या ताज्या गरम कातड्यात पोराला गुंडाळा. आणि गुंडाळलं. स्कॉटनं स्वतः लिहून ठेवलं आहे. मी हसलो नाही. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी हिची मावसबहीण पारव्याचं रक्त चोळायचा निरोप घेऊन आली होती. माणूस ओळखीचा आहे म्हणे, पारवेही तोच आणतो.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो तो माणूस: बेंजामिन फ्रँकलिन. आमच्याच खात्यातला. 1737 पासून फिलाडेल्फियाचा पोस्टमास्तर, 1753 पासून अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींच्या सगळ्या टपालाच्या दोन प्रमुखांपैकी एक. विजेच्या प्रयोगांनी नाव झालेलं. लंडनच्या जॉन प्रिंगल या डॉक्टरानं त्याला विचारलं, विजेनं अर्धांग बरं होतं का? डॉक्टर विचारतोय आणि पोस्टमास्तर उत्तर देतोय, हे मी दोनदा वाचून खात्री केली.

उत्तर 21 डिसेंबर 1757 चं. इटली-जर्मनीत विजेनं माणसं बरी झाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या आणि पेन्सिल्व्हेनियातून, आसपासच्या प्रांतांतून लोक आपापले रुग्ण त्याच्याकडे आणू लागले. त्यानं नाही म्हटलं नाही. खुर्चीत बसवून आधी लुळ्या बाजूतून ठिणग्या काढायच्या, मग सहा-सहा गॅलनच्या दोन विजेनं भारलेल्या काचेच्या बरण्यांचा झटका त्या हातापायातून सोडायचा, दिवसातून तीनदा. अंगात ऊब यायची, रात्री मुंग्या आल्यासारखं टोचायचं. पहिल्या दिवशी ज्याचा हात गुडघ्यावरून उचलत नव्हता तो दुसऱ्या दिवशी चार-पाच इंच उचलायचा, तिसऱ्या दिवशी आणखी वर, पाचव्या दिवशी कसाबसा डोक्यावरची टोपी काढायचा.

आणि मग तो लिहितो की पाचव्या दिवसानंतर कुणाला आणखी फरक पडलेला मला आठवत नाही. झटके सोसेनात, लोक खचून घरी जायचे आणि थोड्याच दिवसांत पहिल्यासारखे व्हायचे. टिकाऊ फायदा एकालाही झालेला मला माहीत नाही. जो तात्पुरता फरक दिसला तोही विजेचा, की प्रवासाच्या हालचालीचा, रोज माझ्या घरापर्यंत येण्याचा, की बरं होण्याच्या आशेनं जास्त जोर लावण्याचा, ते मी सांगू शकत नाही.

विजेनंच ज्याचं नाव झालं त्या माणसानं विजेबद्दल हे लिहावं! उपाय सांगणारी पत्रं त्या काळात गाडीभर सापडतील. झालं नाही असं सरळ लिहिणारं हे एक मला सापडलं आणि लांबून आलेल्या सल्ल्यांत याच्यावर माझा सगळ्यात जास्त विश्वास बसतो.

ते पत्र मी हिला मराठी करून वाचून दाखवलं. तेव्हा ती खुर्चीत बसून स्पंजचा चेंडू दाबत होती. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं दिलेला गृहपाठ, सकाळ-संध्याकाळ. बोलणं आता बरंच सुटलंय, फक्त घाई केली की शब्द अडतो. लोक घरी गेले इथपर्यंत ऐकून ती म्हणाली, ‘मग... मग पाचव्या दिवशी का गेले घरी?’

मी म्हटलं, झटके सोसवेनात म्हणून.

‘झटके नसते घेतले,’ ती म्हणाली. ‘नुसतं रोज टोपी घालायची, काढायची.’