भरलेल्या बाटल्या

पत्रकातली पहिली ओळ माझी होती. ‘उकाड्यात काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्या, तहान लागायची वाट पाहू नका.’ ओळ चुकीची नाही. उन्हात राबणाऱ्यांच्या आरोग्याबद्दलचं कुठलंही मार्गदर्शन उघडा, साधारण हेच सापडेल. उलट ती लिहून मी जरा खूशच होते. इतरांसारखं ‘भरपूर पाणी प्या’ असं मोघम न लिहिता किती आणि कधी तेही सांगितलं होतं ना.

मी एका संस्थेत स्वयंसेवकांचं काम बघते. नव्या मुलांना शिकवायचं, जोड्या लावायच्या, त्यांनी भरून आणलेले फॉर्म तपासायचे. उन्हाळ्यात आम्ही पत्र्याच्या घरांमधला उकाडा मोजतो. त्या दिवशी अकरा जण होते, सहा मुली आणि पाच मुलगे, सगळे सतरा ते बावीस वयाचे.

आदल्या रात्री ऑफिसात टेबल टेनिसचे चेंडू काळे रंगवण्याचा कार्यक्रम झाला. हे ऐकून लोक हसतात, म्हणून सांगते. साध्या तापमापकाला फक्त हवा कळते. पत्र्याखाली बसलेल्या माणसाला हवेइतकाच डोक्यावरचा पत्रा भाजत असतो, त्याची धग थेट अंगावर येते. ती पकडायला काळा गोळा लागतो आणि त्याच्या पोटात तापमापकाचं टोक. मूळ पद्धतीत हा गोळा तांब्याचा, 150 मिलिमीटरचा. शेजारी ओली वात गुंडाळलेला दुसरा तापमापक, तो घाम कितपत वाळेल याचा अंदाज देतो. मग दोन्हींचा मिळून उकाड्याचा एकच आकडा काढायचा: घरात, थेट ऊन नसताना, ओल्या तापमापकाला 70 टक्के वजन द्यायचं आणि गोळ्याला 30. ही रीत 1950 च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षण छावण्यांसाठी बसवली गेली, कारण कवायत करता करता जवान उष्माघाताने कोसळत होते. तांब्याचे गोळे आम्हाला परवडत नाहीत, चेंडू परवडतात. चेंडू लहान असल्यामुळे वाऱ्याची झुळूकही त्याला गार करते आणि आकडा थोडा कमी येतो, तेवढं नंतर हिशोबात धरावं लागतं. इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा आमचा एक मुलगा हे सगळं जोडतो. त्या रात्री त्याने दोन चेंडू खेळून फोडले, तेही हिशोबात धरावं लागलं.

दुसरा एक मुलगा, चांगला सहा फुटी, कायदा शिकतो. त्याला मोर्चे, फलक, घोषणा यांत जास्त रस. दर बैठकीत तो पॅसिफिक महासागरातल्या व्हानुआतू या छोट्या बेटांच्या देशाची गोष्ट सांगतोच: 2019 मध्ये तिथल्या विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या 27 विद्यार्थ्यांनी वर्गात एक कल्पना काढली, ती मार्च 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव होऊन मंजूर झाली, आणि जुलै 2025 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानाबाबत देशांवर कायदेशीर जबाबदाऱ्या आहेत असं मत दिलं. ‘एका वर्गातून, ताई,’ हे त्याचं ठरलेलं शेवटचं वाक्य. चेंडू घेऊन घरोघर हिंडणं त्याला फार छोटं वाटायचं आणि तो ते लपवतही नसे.

आणि एक सगळ्यांत लहान मुलगी, नुकतीच शाळा संपवलेली. बोलायची कमी, अक्षर मात्र छापल्यासारखं. तिची जोडीदारीण आली नाही म्हणून त्या सकाळी मीच तिच्याबरोबर गेले.

तिसरं घर एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचं होतं. खोलीच्या मध्यावर दोरीला चेंडू टांगला. तो स्थिर व्हायला दहाएक मिनिटं लागतात आणि त्या वेळात पत्रक वाचून दाखवायचं असं आम्ही ठरवलेलं होतं. मुलीने पहिली ओळ वाचली. बाईंनी मशीन थांबवलं.

“दर वीस मिनिटांनी? म्हणजे तासाला तीन पेले. आणि मग जायचं कुठे?”

मुलीला पटकन कळलं नाही. मला कळलं, आणि मी न कळल्यासारखं केलं.

“कुठे म्हणजे, मावशी?”

मग मावशींनी सांगितलं. शौचालय गल्लीच्या टोकाला. दर खेपेला पैसे. बायकांच्या बाजूला तीन दारं, त्यातल्या एकालाच आतून कडी. रात्री दहाला कुलूप. वळणावरचा दिवा कधीचा गेलेला, त्यामुळे अंधार पडला की जायचं तर कुणाला तरी सोबत न्यायचं. त्या दुपारी चारनंतर पाणी पीत नाहीत, फार तर तोंड ओलं करण्यापुरता घोट. “पोरीला मी दोनलाच बंद करायला शिकवलंय,” असं म्हणाल्या आणि मशीन परत सुरू केलं. तक्रारीचा सूर नव्हता. घरातली एक शिस्त सांगावी, तसं.

चेंडू स्थिर झाला. मी आकडा घेतला. मुलगी फॉर्म उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूला लिहीत होती.

पुढच्या तीन घरांत तिने पत्रक वाचलंच नाही. सरळ विचारलं, “दिवसाचं शेवटचं पाणी तुम्ही किती वाजता पिता?” आणि प्रत्येक बाईकडे उत्तर तयार होतं. ‘आठवत नाही’ असं एकीनेही म्हटलं नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात कुठल्याच प्रश्नाला अशी धडाधड उत्तरं मिळालेली नाहीत.

सातव्या घराबाहेर मी तिला बाजूला घेतलं. चांगल्या शब्दांतच सांगितलं, पण सांगितलं: शौचालयाचा प्रश्न खराच आहे, पण तो वेगळा विषय. आपला विषय उष्णता. फॉर्मच्या बाहेरचं लिहीत बसलो तर दुपारपर्यंत घरं पूर्ण होणार नाहीत.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “ताई, मग पाणी आपला विषय आहे का?”

उद्धटपणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी घड्याळ बघितलं आणि चल म्हटलं.

बारा वाजता सगळे एका बंद गोदामाच्या सावलीत जमलो. पाण्याचा जार आला होता. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने सगळ्यांच्या बाटल्या गोळा करून भिंतीकडेला ओळीने लावल्या आणि भरायला घेतल्या. पहिल्या पाच भरल्या. सहावी उघडली, बंद केली. सातवी उचलून हलवून बघितली.

“अरे, ह्या सगळ्या भरलेल्याच आहेत की.”

तो मुलींकडे बघायला लागला. कुणी काही बोलेना. शेवटी एक जण, मोबाइलवरून मान वर न करता, म्हणाली, “सर्व्हेच्या दिवशी आम्ही नाही पीत.”

तिला ही सांगण्यासारखी गोष्टच वाटत नव्हती. बाकीच्या मुलींनाही नाही. पाचही मुलगे मात्र एकदम गप्प झाले. सहा फुटी तर आपल्या रिकाम्या बाटलीकडे असा बघत होता की जणू त्याने ती कुणाकडून तरी चोरलीय.

बारावी बाटली माझी. हिरव्या झाकणाची, लिटरभराची. ती भरलेलीच होती.

मी अकरा वर्षं वस्त्यांमध्ये जाते. सकाळी घरून निघताना चहा अर्धाच कप घ्यायचा, दुपारी जेवताना दोन घोट, मग थेट घरी. हे मी कधी ठरवल्याचं आठवत नाही. संध्याकाळी चारच्या सुमाराला डोकं धरतं, त्याला मी ऊन म्हणते. आणि प्रशिक्षणात मीच मुलांना सांगते की गरम हवेत शरीराकडे दोनच मोठे उपाय असतात: रक्त त्वचेकडे ढकलायचं आणि घाम गाळायचा. दोन्हींना पाणी लागतं. पाणी कमी पडलं की हृदयाला जास्त जोर लावावा लागतो आणि मूत्रपिंडांना मिळणारं रक्त घटतं. मध्य अमेरिकेत ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडं मधुमेह नसताना, रक्तदाब नसताना निकामी होत गेली. नेमक्या कारणावर अजून वाद आहे, पण उन्हातली ढोर मेहनत आणि शरीरातलं पाणी वारंवार तुटणं यांच्यावरचा संशय मोठा आहे. एल साल्वादोरमध्ये तिथल्या मजुरांसाठी पाणी, सावली आणि विश्रांती असा कार्यक्रम राबवला गेला. त्यावरून मी एक चित्र करून घेतलंय, दर बॅचला दाखवते. ताडपत्रीखाली बसून बाटली तोंडाला लावलेला माणूस. त्या चित्रात पाणी आहे, सावली आहे, विश्रांती आहे. आडोसा नाही. इतक्या वेळा दाखवलं, मला कधी खटकलं नाही.

जेवण होईपर्यंत फॉर्मची मागची बाजू तयार झाली. शेवटचं पाणी किती वाजता? शौचालय किती पावलं? वाटेत दिवा आहे का? आतून कडी आहे का? रात्री खिडकी उघडी ठेवता का? शेवटचा प्रश्न त्या छोटीचाच. प्रशिक्षणात माझा एक नियम असतो की नवा फॉर्म आधी आपल्यातल्याच एका माणसावर तपासून बघायचा. तिने तो लक्षात ठेवला होता. पेन उघडून ती माझ्यासमोर बसली.

“शेवटचं पाणी किती वाजता, ताई?”

“सकाळी सात,” म्हटलं.

तिने छापील अक्षरात ते लिहिलं.

दुपारची वाटणी वेगळी केली. घरात मुली बोलणार, मुलगे बाहेरची मापं घेणार. सहा फुटी पहिल्यांदा कुरकुरला, मग प्रत्येक घराच्या दारापासून शौचालयापर्यंत चालत सुटला. त्याचं पाऊल मोठं पडतं म्हणून एका मुलीने त्याला टोकलं, तर तो निम्म्या अंतराने पावलं टाकत सगळं पुन्हा चालला. तीनच्या उन्हात. मावशींच्या दारापासून 212 भरली.

खिडकीच्या प्रश्नाचं उत्तर जवळपास सगळीकडे एकच आलं. नाही. चोरी होते म्हणून, गल्लीतून हात आत येतो म्हणून, नवरा रात्रपाळीला असतो म्हणून. पत्र्याचा एकच गुण आहे, तो रात्री लवकर निवतो. पण खिडकी बंद म्हटल्यावर दिवसभर तापलेल्या भिंतींची ऊब आतच कोंडते आणि शरीराला सावरायला जी रात्र मिळायला हवी तीच मिळत नाही. शिकागोत जुलै 1995 च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा 739 माणसं जास्त मेली. त्यात एकटी राहणारी म्हातारी माणसं पुष्कळ होती, आणि भीतीपोटी दारं-खिडक्या लावून बसलेलीही. हे मी वाचलेलं होतं, भाषणांत सांगितलेलंही होतं. आमच्या फॉर्मवर खिडकीचा प्रश्न मात्र त्या दुपारपर्यंत नव्हता. किती खिडक्या आहेत एवढंच विचारायचो.

संध्याकाळी फॉर्म मोजताना वाद झाला. सहा फुटी म्हणाला, “म्हणजे एवढं सगळं करून आपण मागणार काय, तर एक दिवा आणि दोन कड्या?” त्याच्या आवाजात राग होता, आणि त्याचं चुकत होतं असं मला अजूनही वाटत नाही. 2024 हे औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत दीड अंशाहून जास्त तापलेलं पहिलं पूर्ण वर्ष ठरलं. गल्लीतल्या दिव्याने त्यात काही फरक पडत नाही. कोळसा कोण जाळतंय हा प्रश्न विचारणारी पोरं हवीतच. पण 212 पावलं मोजून आलेला तोच होता, आणि पालिकेला द्यायचा अर्ज शेवटी त्यानेच लिहिला. चांगला लिहिला. व्हानुआतूचा उल्लेख मी काढायला लावला.

पुढचं थोडक्यात सांगते. कड्यांसाठी आम्ही कुणाची परवानगी घेतली नाही. इलेक्ट्रॉनिक्सवाला दुसऱ्याच दिवशी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेला आणि दोन मुलींना बाहेर उभं करून बसवून आला. निधी देणाऱ्यांना अहवाल पाठवला तेव्हा तिकडून फोन आला. सभ्य माणूस होता. म्हणाला, प्रश्न खराच आहे, पण तो स्वच्छतेचा विषय झाला, हवामानाच्या निधीत कसा बसवणार? सातव्या घराबाहेर मी जे बोलले होते, जवळपास शब्दाला शब्द तेच. मी त्याला काय बोलणार? छोटीचा प्रश्न त्याला विचारला. त्याने वरिष्ठांशी बोलतो म्हणून फोन ठेवला, अजून बोलतोय.

दिव्यासाठी चार हेलपाटे घातले आणि तो लागला. शौचालयाला अजूनही रात्री दहालाच कुलूप लागतं. पैसेही अजून पडतात.

महिन्याने दुसऱ्या मोजणीला गेलो तेव्हा मावशींच्या घरी छोटीनेच चेंडू टांगला. मी दारात उभी होते. तिने फॉर्म आधी उलटा केला आणि मागच्या बाजूपासून सुरुवात केली.

“शेवटचं पाणी, मावशी?”

“दिवा आला ना आता. साडेसात.”

“आणि पोरगी?”

“ती पण.”

“खिडकी?”

मावशींनी मशीनवरून हात काढला नाही. “खिडकी नाही.”

तिने ते लिहून घेतलं आणि चेंडू स्थिर व्हायची वाट बघत बसली.