निर्वाताचं वजन कसं करायचं? माझ्या एम.एस्सी. प्रकल्पाचा अनुभव

निर्वातातही ऊर्जा असते हे क्वांटम मेकॅनिक्सच्या तासाला शिकले, तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून होता: या ऊर्जेला वजन असतं का? आइन्स्टाइनच्या हिशेबानं असायलाच हवं. पण विश्वाच्या प्रसरणावरून पाहिलं, तर घनमीटरभर रिकाम्या जागेच्या वाट्याला जेमतेम तीन-चार हायड्रोजन अणूंएवढं वस्तुमान येतं, आणि क्वांटम सिद्धांताचा सरळ अंदाज त्याच्या सुमारे १० च्या १२० व्या घाताइतके पट मोठा निघतो. एवढी तफावत भौतिकशास्त्रात दुसरीकडे कुठे दिसत नाही. प्रकल्पाचा विषय ठरवायची वेळ आली तेव्हा मी सरांना हेच सांगितलं.

सर म्हणाले, "अगं, एखाद्या वस्तूचं वजन करायचं तर ती तराजूत ठेवता आणि काढता आली पाहिजे. निर्वात काढून कुठे ठेवणार तू?"

पुढचे कित्येक आठवडे या एका प्रश्नानं खाल्ले. उत्तराची सुरुवात डच भौतिकशास्त्रज्ञ कासिमिर यांच्या १९४८ च्या कामात सापडली. विद्युतभार नसलेल्या दोन धातूच्या पट्ट्या अगदी जवळ आणल्या की त्यांच्यामध्ये निर्वातातले ठरावीक विद्युतचुंबकीय तरंगच मावतात. आतली ऊर्जा बाहेरच्यापेक्षा कमी होते आणि पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातात. अंतर १०० नॅनोमीटर असेल तर आदर्श पट्ट्यांवर सुमारे १३ पास्कल दाब येतो. लामोरो यांनी १९९७ मध्ये हे बल नेमकेपणानं मोजलं आणि पुढच्याच वर्षी उमर मोहिदीन व अनुश्री रॉय यांनी आणखी अचूक मोजमाप केलं. पण ही सगळी मोजमापं पट्ट्यांमधल्या ओढीची आहेत. पृथ्वी त्या ऊर्जेला खाली खेचते की नाही, याबद्दल ती काहीच सांगत नाहीत.

तो प्रश्न इटलीतल्या 'आर्किमिडीज' प्रयोगानं हातात घेतला आहे. सार्डिनिया बेटावरच्या सोस एनात्तोस या जुन्या खाणीच्या परिसरात एक अतिसंवेदनशील तराजू उभारला जातोय. त्याला टांगायचा नमुना वायबीसीओ या सिरॅमिकसारख्या अतिसंवाहकाचा, म्हणजे पुरेसं थंड केलं की विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या पदार्थाचा. त्यात तांबे-ऑक्सिजनचे थर एकावर एक रचलेले असतात. तापमान सुमारे ९० केल्विनच्या खाली गेलं की हे थर अतिसंवाहक होतात आणि जणू कासिमिरच्या असंख्य पट्ट्या तयार होतात. वर नेलं की त्या नाहीशा होतात. आतली निर्वात ऊर्जा कमी झाली तर नमुना किंचित हलका व्हायला हवा, पाण्यात बुडवलेल्या वस्तूसारखा. आर्किमिडीज हे नाव त्यावरूनच आलं. अपेक्षित बल १० चा उणे १६ वा घात न्यूटन या घरातलं, म्हणजे एका जिवाणूच्या वजनाच्या साधारण शंभराव्या हिश्शाएवढं.

हे आमच्या प्रयोगशाळेत होणं शक्यच नव्हतं. पण त्यामागची रीत शिकता येईल, असं सरांनी सुचवलं: अगदी क्षीण बल ठरावीक तालात बदलायचं आणि गोंगाटातून फक्त तोच ताल वेचून काढायचा.

मग टंगस्टनच्या बारीक तारेवर आडवी दांडी टांगली, दोन टोकांना शिशाच्या लहान गोळ्या, मधे आरसा, आरशावर लेझर. भोवती अॅक्रिलिकची पेटी, कारण पंख्याची झुळूकही चालत नाही. बाहेर शिशाचे मोठे गोळे, ज्यांची लहान गोळ्यांवरची गुरुत्वाकर्षणाची ओढ हेच आमचं क्षीण बल; ते दांडीच्या झोक्याशी ताल धरून दर अर्ध्या आवर्तनाला या बाजूचे त्या बाजूला न्यायचे.

दिवसा भिंतीवरचा लाल ठिपका एक क्षण स्थिर राहत नसे. कॉलेजमागून लोकल जातात, रस्त्यावर बस, वर जिन्यात मुलांची धावपळ. शेवटची लोकल गेल्यापासून पहाटेची पहिली सुटेपर्यंत जो वेळ मिळतो, तोच आमचा. त्यासाठी विभागप्रमुखांची सही, प्राचार्यांची सही, रात्री थांबायला घरच्यांचं पत्र आणि वॉचमनकाकांकडच्या वहीत नोंद. कागद फिरवण्यात बराच वेळ गेला, पण काकांनी रात्री जनरेटरजवळ कुणाला फिरकू दिलं नाही, त्याचं मोल फार.

पावसाळ्यात वेगळाच त्रास. खवळलेल्या समुद्राच्या लाटांनी जमीन दर काही सेकंदांनी सूक्ष्म हलत राहते. ते थांबवायला मुंबईत तरी काही इलाज नाही. शांत खाण का शोधतात, हे मला वाचून नाही, त्या ठिपक्याकडे पाहून कळलं.

तरीही ताल साथ देतो. गोळे हलवण्याच्या तालाशी जुळणारी हालचाल रात्रीमागून रात्री साचत गेली आणि बाकीची थरथर सरासरीत विरली. आलेखात आमच्या तालाची ठळक शीग उभी राहिली, तेव्हा सर खुर्ची ओढून बराच वेळ पडद्यासमोर बसले होते.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "समजा आर्किमिडीजला वजनात फरक दिसलाच नाही, तर?"

मी म्हटलं, "तर गुरुत्वाकर्षण निर्वात ऊर्जेला इतर ऊर्जेसारखं वागवत नाही, असं मानावं लागेल, आणि गुरुत्वाकर्षण सगळ्या वस्तुमानाला व ऊर्जेला सारखंच वागवतं, या समतुल्यतेच्या तत्त्वालाच धक्का बसेल. फरक दिसला तर तत्त्व शाबूत, पण मग एवढी प्रचंड ऊर्जा विश्वाला का जाणवत नाही, हा पेच आणखी टोकदार होईल."

"तुम्हाला काय वाटतं?"

"फरक दिसेल, असं वाटतं. कासिमिर ऊर्जाही इतर ऊर्जेसारखीच खाली पडते, असं गणित २००७ मध्ये मांडलं गेलंय. पण सर, ते तराजूवर दिसलं पाहिजे."