फॉर्म एक, भरणारे तीन: शाखांचं काम मार्गी लागलं

नोंदणीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये शाखा, म्हणजे उत्तरानुसार बदलणारे विभाग, जोडण्याचं काम आता बऱ्यापैकी झालंय. भरणारे तीन प्रकारचे: स्वतःची नोंदणी करणारे, मुलासाठी भरणारे पालक आणि गटाचे प्रतिनिधी. ‘नोंदणी कोणासाठी?’ हा पहिला प्रश्न, पुढचं सगळं त्याच्या उत्तरावर.

विभाग दाखवणं-लपवणं सोपं आहे. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस भाषेतल्या ‘हॅज’ सिलेक्टरने (आत अमुक गोष्ट असलेला घटक निवडणाऱ्या खुणेने) ते जावास्क्रिप्टशिवायही जमतं. 2023च्या डिसेंबरात तो फायरफॉक्समध्येही आला आणि सगळ्या मोठ्या ब्राउझरांत वापरता येऊ लागला. पण खरी मेख लपवलेल्या रकान्यांत असते. नुसतं ‘डिस्प्ले नन’ (घटक दाखवू नको, ही सीएसएसची सूचना) लावलं की रकाना दिसेनासा होतो, फॉर्ममधून जात नाही. त्यात भरलेलं सर्व्हरकडे जातंच. शिवाय तो ‘रिक्वायर्ड’ (भरणं सक्तीचं) असेल तर सबमिट दाबूनही फॉर्म पुढे सरकत नाही आणि भरणाऱ्याला काय राहिलंय तेच दिसत नाही. क्रोम त्याची तक्रार कन्सोलमध्ये (प्रोग्रामरसाठीच्या खिडकीत) नोंदवतो, पण भरणारा माणूस कन्सोल कशाला उघडेल?

म्हणून प्रत्येक शाखेला वेगळा फील्डसेट (रकान्यांचा गट) दिलाय आणि लागू नसलेल्या फील्डसेटला लपवण्यासोबत ‘डिसेबल्ड’ही (निष्क्रिय करणारी खूण) लावतो. मग आतले रकाने तपासलेही जात नाहीत आणि पाठवलेही जात नाहीत. फक्त पहिल्या लेजंडमधला (गटाच्या शीर्षकातला) चेकबॉक्स चालूच राहतो, त्यामुळे फील्डसेट न लपवता नुसता डिसेबल केला तर शाखा चालू-बंद करायची सोय तिथेच ठेवता येते. मला ही रचना फार आवडते.

सर्वांत जास्त विचार करावा लागला तो मधेच मन बदलणाऱ्यांचा. ‘मुलासाठी’ निवडून जन्मतारीख भरली, मग ‘स्वतःसाठी’ केलं, मग पुन्हा ‘मुलासाठी’. तारीख पुसायची की ठेवायची? मी ठेवतो. डिसेबल्ड रकान्यातलं मूल्य पानावर तसंच राहतं, त्यामुळे परत येणाऱ्याला पुन्हा टाइप करावं लागत नाही. अपवाद आरोग्याच्या माहितीचा: शाखा बदलली की ती लगेच पुसायची. ब्राउझरवर विसंबून चालत नाही, म्हणून शाखांचे नियम जेसन स्कीमाच्या (माहिती कशी असावी ते लिहायच्या पद्धतीच्या) ‘इफ-देन-एल्स’मध्ये (असं असेल तर हे, नाहीतर ते) एकाच ठिकाणी लिहिलेत आणि सर्व्हरही तेच वापरून तपासतो.

कीबोर्डवाल्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. रेडिओ बटणांच्या गटात बाण दाबला की पुढचा पर्याय तत्क्षणी निवडला जातो. निवड होताच फोकस (कीबोर्ड ज्या जागी काम करतो ती जागा) नव्या विभागात नेला, तर वरून खाली येणारा माणूस तिसऱ्या पर्यायापर्यंत पोहोचूच शकत नाही. त्यामुळे फोकस जागेवरच ठेवायचा आणि नवा विभाग मार्कअपमध्ये (पानाच्या एचटीएमएलमध्ये) प्रश्नाच्या लगेच खाली आणायचा. टॅब दाबला की माणूस आपसूक तिथे पोहोचतो.

पालकांच्या शाखेत मुलाच्या नावाच्या रकान्याला ऑटोकम्प्लीट (ब्राउझरने जुनी माहिती सुचवणं) बंद केलंय, नाहीतर ब्राउझर तिथे पालकांचंच नाव सुचवतो. पालकांच्या स्वतःच्या रकान्यांना मात्र ते चालू आहे.

आता पत्ता घेतलाय हातात. पालकांनी एकदा दिलेला पत्ता मुलासाठी पुन्हा लिहायला लावायचा नाही. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात यासाठीच्या 2023च्या डब्ल्यूसीएजी 2.2 या मार्गदर्शक तत्त्वांमध्येही, एकाच प्रक्रियेत दिलेली माहिती परत मागू नये असा निकष आलाय. ‘पत्ता तोच’वर खूण केली की मुलाच्या पत्त्याचा फील्डसेट डिसेबल होतो, इथवर जमलंय. नंतर पालकांनी पत्ता बदलला तर मुलाच्या नोंदीतही तो आपोआप बदलावा, हे जोडणं बाकी आहे.