मागच्या खिडकीचं प्लायवूड

जुलैत आयर्लंडच्या पश्चिमेला, क्लेअर परगण्यात, सूर्य मावळायला रात्रीचे १० वाजतात. त्यामुळे वटवाघळं मोजणाऱ्यांची पाळी उशिराच सुरू होते. साडेनऊला मी त्या पडक्या दगडी घरामागे घडीची खुर्ची टाकली, खिडकीकडे पाहिलं आणि पोटात गोळाच आला. खिडकीवर नवंकोरं प्लायवूड ठोकलेलं!

मे महिन्यात मी हे घर आतून पाहिलं होतं. मालकाला ते दुरुस्त करून मुलीला द्यायचं होतं. फरशीवर लेंड्यांची रास होती. चिमटीत चुरली की भुकटी व्हायची. उंदराची असती तर कडक लागली असती. वर तुळईला लेसर (म्हणजे लहान) हॉर्सशू जातीची वटवाघळं, पंख अंगाभोवती गच्च लपेटून, दोऱ्याने टांगलेल्या जांभळांसारखी. एकेकाचं वजन जेमतेम ५ ते ९ ग्रॅम. हा जीव आयर्लंडमध्ये फक्त पश्चिमेच्या सहा परगण्यांत उरलाय. इतर वटवाघळं कौलांच्या फटींतून सरपटत शिरतात, याला उडत ये-जा करायला मोकळी वाट लागते. इथे ती वाट म्हणजे हीच खिडकी. हे सगळं मी अहवालात व्यवस्थित लिहिलं आणि ईमेलने पाठवून मोकळी झाले. सत्तरीच्या त्या शेतकऱ्याशी तोंडाने चार शब्द काही बोलले नाही.

"कालच बसवलं," तो कौतुकाने म्हणाला. "पोरं आत शिरतात. एखाद्याच्या डोक्यात दगड पडायचा."

मी डिटेक्टर, म्हणजे वटवाघळांचे आपल्याला न ऐकू येणारे आवाज ऐकवणारं यंत्र, ११० किलोहर्ट्झवर लावून प्लायवूडखालच्या फटीशी धरला. आत कुणी अखंड गुळण्या करतंय असा आवाज. बाहेर पुरेसा अंधार झालाय का हे बघायला ती निघण्याआधी वाटेपाशी घिरट्या घालतात, तशीच घालत होती. फक्त वाट नव्हती. म्हणजे कालची अख्खी रात्र उपाशी. त्यात हे पिल्लांचे दिवस. वर्षाला एकच पिल्लू, आणि आईच्या पोटात काही नाही तर दूध कुठून येणार?

परवानाधारक वरिष्ठांना फोन लावला. "काढून टाक. पांढरा दिवा नको, ठोकाठोक नको."

१९७६ चा वन्यजीव कायदा तोंडावर आला होता, पण तो सांगायची वेळच आली नाही. म्हाताऱ्याने डिटेक्टर कानाशी धरला, थोडं ऐकलं. "आत पिल्लं आहेत?" मी मान हलवली. तो तडक ट्रॅक्टरकडे गेला आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आला.

आठ स्क्रू. माझ्या लाल टॉर्चच्या उजेडात त्याने ते एकेक करून हाताने काढले. सहावा गंजलेला होता (नव्या फळीला जुना स्क्रू, शेतकरी सगळीकडे सारखेच), तो काही हलेना. चिलटांनी माझे कान फोडून काढले होते. शेवटी फळी आम्ही दोघांनी धरून गवतावर आडवी केली आणि मागे सरकलो.

१०:३६ ला पहिलं निघालं. गुडघ्याच्या उंचीवरून, भिंतीला चिकटून, थेट झुडपांच्या कुंपणात. मग दोन. मग बोटातला काउंटर थांबेचना. म्हातारा शेजारी उकिडवा बसून ओठ हलवत होता. आयरिशमध्ये यांना 'चामड्याचा पंख' म्हणतात, हे मध्येच कुजबुजला आणि पुन्हा मोजायला लागला.

माझे ६८ झाले. त्याचे ७१.

"तुझं यंत्र चुकतंय," तो म्हणाला. मी फॉर्मवर ६८ लिहिले.